शून्य आणि कोरी जागा

ताळगाव, गोवा
१२ ऑक्टोबर

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

चवथीला घरी आले होते तेव्हा, बाबा, तुम्ही विचारले होते की काम समुद्राचे असताना मी दिवसभर संगणकापुढे बसून नेमके काय करते. तेवढ्यात आरती सुरू झाली आणि उत्तर राहून गेले. ते आज लिहिते, कारण त्याचा संबंध तुमच्या पावसाच्या वहीशी आहे.

वाळपईच्या शाळेत तुम्ही रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातले पाणी मोजून लिहीत असा. एखाद्या दिवशी मोजणी चुकली तर ती जागा कोरी ठेवत असा. तिथे शून्य लिहू देत नसा. पाऊस पडला नाही आणि पाऊस मोजला नाही, या दोन गोष्टी तुम्ही कधी एक होऊ दिल्या नाहीत. माझे निम्मे काम हेच आहे.

बोटीवरून सोडलेले सेन्सर खोलीगणिक तापमान, क्षारता आणि विरघळलेला प्राणवायू नोंदवतात. त्यांतला कोणता आकडा खरा आणि कोणता बिघडलेल्या उपकरणाचा, हे पारखणारे प्रोग्रॅम मी लिहिते. पहिल्या वर्षी मी असा नियम घातला की प्राणवायू शून्याजवळ आला तर ती नोंद चुकीची समजून काढून टाकावी. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातला प्राणवायू संपेलच कसा, असे मला वाटले होते. आमच्या वरिष्ठ मॅडमनी वगळलेल्या नोंदी पाहिल्या आणि एवढेच विचारले, "या कोणत्या महिन्यातल्या आहेत?" बहुतेक सगळ्या सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या होत्या.

नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात आपल्या किनाऱ्याशी खोलातले गार, मुळातच कमी प्राणवायूचे पाणी वर चढून येते. त्याच्यावर पावसाचे आणि नद्यांचे हलके गोडे पाणी झाकणासारखे पसरते, त्यामुळे हवेतला प्राणवायू खाली पोहोचत नाही, आणि वरून पडणारे मेलेले प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपत जातो. पावसाळा सरताना तळाशी हायड्रोजन सल्फाइड हा कुजक्या अंड्यांसारखा वास येणारा वायूसुद्धा तयार होतो. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोरच्या समुद्रात १९९७ पासून ठेवलेल्या नोंदींत हे चक्र दिसते.

मग मी जुन्या हस्तलिखित नोंदी काढल्या. बाटल्यांतल्या पाण्याची विंकलर पद्धतीने, म्हणजे रसायने घालून प्राणवायू मोजण्याच्या जुन्या पद्धतीने, केलेली तपासणी सेन्सरशी जुळत होती, आणि एका ओळीशेजारी पेन्सिलीने लिहिले होते: कुजक्या अंड्यांचा वास. समुद्राने खरे सांगितलेले मी पुसून टाकले होते, याचे मला फार वाईट वाटले. असे खरे शून्य गाळले तर समुद्र आहे त्याहून निरोगी दिसतो, आणि तळाची मासळी एखाद्या वर्षी किनाऱ्यापासून का दुरावली, हे कधीच कळत नाही. आता माझा प्रोग्रॅम संशयित आकड्यावर खूण करतो, पण मूळ नोंद पुसत नाही. न मोजलेली जागा कोरीच राहते.

बाबा, आपल्या सत्तरी तालुक्यात पडलेला पाऊस म्हादईतून मांडवीत आणि मांडवीतून समुद्रावरच्या त्या झाकणात येतो. म्हणून दिवाळीला मला तुमच्या सगळ्या वह्यांची पानोपानी छायाचित्रे घ्यायची आहेत. आई, माळ्यावरची पेटी तेवढी काढून ठेव, आणि पानांना ओल लागली असेल तर वह्या कडक उन्हात न ठेवता सावलीत उघडून सुकव.

तुमची,
मृदुला