जॉइंट अकाउंट आणि नॉमिनीचं काम उरकून घ्या

मंडळी, परत एकदा आठवण करतेय. 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने आपल्या, म्हणजे समलिंगी जोडप्यांच्या, लग्नाला मान्यता दिली नाही, त्यामुळे मुंबईत वर्षानुवर्षं एका खोलीत संसार केलेल्या जोडप्यातलं एक गेलं की दुसऱ्याला बँकेत "तुम्ही कोण?" असं ऐकावं लागतं आणि ते फार लागतं हो मनाला. पण 28 ऑगस्ट 2024 ला अर्थ मंत्रालयाने पत्रक काढून स्पष्ट सांगितलंय की क्वीअर (समलिंगी, ट्रान्स वगैरे) लोकांना जॉइंट अकाउंट उघडायला, पार्टनरला नॉमिनी लावायला बंदी नाही. ब्रँचमध्ये कोणी नातं उकरत बसलं तर त्या पत्रकाची प्रिंट पुढे करा. नॉमिनी म्हणजे वारस नाही, मृत्युपत्रसुद्धा करा. ट्रान्स मेंबर्सनी फॉर्मवर थर्ड जेंडरचा रकाना मागा, रिझर्व्ह बँकेची 2015 पासून तशी सूचना आहे. एकटं जायला धाकधूक वाटत असेल तर इथे टाका, कोणीतरी सोबत येईलच.