‘नंतर’ आणि ‘परवानगी द्या’ यांच्या जोडीला ‘नको’ही हवे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मोबाइलवर किंवा संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस सापडला आहे’, ‘तुमच्या अँटिव्हायरसची मुदत आज संपत आहे’, ‘बक्षिसाची रक्कम मिळवण्यासाठी येथे दाबा’ अशा सूचना वारंवार येऊ लागल्या, की बहुतेक जण दुरुस्तीचे दुकान गाठतात आणि तेथे बऱ्याचदा ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असे ऐकून परततात. साताऱ्यात ज्येष्ठ नागरिकांना मोबाइल आणि संगणक शिकवण्याचे काम मी करतो. माझ्याकडे येणाऱ्या अशा बहुतेक तक्रारींच्या मुळाशी व्हायरस नसतो, तर ब्राउझरमध्ये, म्हणजे संकेतस्थळे पाहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्रोम किंवा फायरफॉक्ससारख्या ॲपमध्ये, एखाद्या संकेतस्थळाला सूचना पाठवण्यासाठी कधीतरी नकळत दिलेली एक परवानगी असते आणि ती काढून घ्यायला दोन-तीन मिनिटे पुरतात. ती कशी काढावी हे तर या पत्रात सांगायचे आहेच. पण ही परवानगी देऊन टाकण्याची सवय लोकांना लागते ती बरेचदा वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर, आणि त्याबद्दलही मला आपल्याशी बोलायचे आहे.

पान बंद केल्यावरही संकेतस्थळाला वाचकापर्यंत सूचना पोहोचवता यावी, अशी सोय क्रोमने २०१५मध्ये आणि फायरफॉक्सने २०१६च्या आरंभी उपलब्ध करून दिली. ई-मेल आला, बैठकीची वेळ झाली, मागवलेली वस्तू निघाली, अशा कामांसाठी ती खरोखर उपयुक्त आहे. आपण परवानगी दिली की ते संकेतस्थळ ब्राउझरमध्ये स्वतःचा एक छोटा प्रोग्राम नोंदवून ठेवते. पुढे संदेश आला की ब्राउझर त्या प्रोग्रामला जागे करतो आणि सूचना पडद्यावर झळकते. त्या वेळी ते पान उघडे असण्याची गरज नसते, आणि अँड्रॉइड फोनवर तर ब्राउझरही उघडलेला असावा लागत नाही. यात कोणतेही ॲप आपल्या फोनमध्ये शिरलेले नसते आणि कोणती फाइलही बिघडलेली नसते. साहजिकच अँटिव्हायरसने कितीही तपासणी केली, तरी त्याला काही सापडत नाही, आणि आधीच घाबरलेला माणूस ‘हा व्हायरस फारच पक्का दिसतो’ असा निष्कर्ष काढून आणखी घाबरतो. नुसती हिस्टरी पुसल्यानेही ही परवानगी रद्द होत नाही. फॉरमॅट मारल्यावर सूचना थांबतात हे खरे, पण तो डोंगर पोखरून उंदीर काढण्याचा प्रकार आहे, आणि त्यात नातवंडांची छायाचित्रे गेली तर ती परत मिळतीलच असे नाही.

अशी सूचना ओळखण्याची एक साधी खूण आहे. सूचनेचे शीर्षक, तिचा मजकूर आणि तिच्यासोबतचे चित्र हे सर्व पाठवणारे संकेतस्थळ ठरवते. त्यामुळे तेथे एखाद्या नामांकित अँटिव्हायरसचे बोधचिन्ह, बँकेसारखे दिसणारे चित्र किंवा लाल रंगातील धोक्याचा त्रिकोण सहज लावता येतो. पाठवणाऱ्याला बदलता येत नाही ती फक्त एक ओळ, जिच्यात ब्राउझर त्या संकेतस्थळाचा पत्ता बारीक अक्षरांत छापतो. मजकूर बँकेचा किंवा अँटिव्हायरसचा, आणि खाली मात्र कधीही न ऐकलेला, अर्थहीन अक्षरांचा पत्ता दिसला, तर ती सूचना कोठून आली याचे उत्तर तिथेच मिळते. माझ्या वर्गातील ज्येष्ठांना मी सर्वांत आधी ही ओळ वाचायला शिकवतो, कारण बाकीचे सारे विसरले तरी एवढे लक्षात राहिल्यास त्यांची बरीचशी भीती कमी होते.

अँड्रॉइड फोनवर सूचना आली असतानाच तिच्यावर बोट दाबून धरले किंवा ती खाली ओढून मोठी केली, तर तिथूनच त्या संकेतस्थळाच्या सेटिंग्जकडे जाता येते. क्रोमच्या नव्या आवृत्त्यांत काही फोनवर सूचनेखालीच ‘अनसबस्क्राइब’ असे बटण दिसते. एरवी क्रोमच्या वरच्या कोपऱ्यातील तीन टिंबांवरून सेटिंग्जमध्ये, तेथून साइट सेटिंग्जमध्ये आणि त्यातील सूचनांच्या पानावर जावे. संगणकावर साइट सेटिंग्ज हा भाग ‘गोपनीयता आणि सुरक्षा’ या मथळ्याखाली सापडतो. तेथे परवानगी दिलेल्या सर्व संकेतस्थळांची यादी असते. ती यादी पाहून अनेकांना आश्चर्य वाटते, कारण त्यातील बहुतेक नावे त्यांना आठवतही नाहीत. नको असलेले प्रत्येक नाव ब्लॉक करावे. याच पानावर ‘कोणत्याही संकेतस्थळाने परवानगी विचारू नये’ अशा अर्थाचा पर्यायही असतो आणि ज्यांना ब्राउझरच्या सूचना मुळीच नकोत त्यांनी तो अवश्य निवडावा. मात्र त्याने यापुढचे विचारणे तेवढे थांबते, आधी दिलेल्या परवानग्या तशाच राहतात, हे दुरुस्तीची दुकाने चालवणाऱ्या काही जाणकारांच्याही लक्षात आलेले नसते. फायरफॉक्समध्ये हीच सोय गोपनीयतेच्या भागात, ‘परमिशन्स’ या मथळ्याखाली मिळते.

आता ही परवानगी मिळवली कशी जाते ते पाहू. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी मंडळाचे अधिकृत संकेतस्थळ मंदावते, तेव्हा लोक शोधयंत्रात दिसेल ते पान उघडतात. कोणी मालिकेचा चुकलेला भाग फुकट शोधत असतो, कोणी एखाद्या अर्जाची पीडीएफ उतरवून घेत असतो. अशा पानांवर ‘आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’ असा मजकूर येतो आणि त्याच क्षणी ब्राउझरचा खरा प्रश्न वर झळकतो. माणूस असल्याची खरी पडताळणी करण्यासाठी सूचनांच्या परवानगीची कधीही गरज नसते. परंतु घाईतला माणूस बटण दाबतो, आणि त्यानंतर येणाऱ्या सूचनांपैकी एखादी त्याला अशा पानावर नेते, जिथे एक दूरध्वनी क्रमांक दिलेला असतो. त्या क्रमांकावर फोन केला, की पलीकडचा सभ्य आवाज आपल्या फोनचा दुरून ताबा देणारे ॲप उतरवून घ्यायला सांगतो, आणि पुढचा प्रवास बँकेच्या खात्यापर्यंत जातो. तोवर पैसे गेलेच असतील, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर त्वरित कळवणे हाच मार्ग उरतो.

घाईत का होईना, पण ते बटण इतक्या सहजपणे का दाबले जाते? माझ्या मते त्याचे एक कारण आपल्या वृत्तपत्रांच्या क्षेत्रात आहे. कित्येक मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर बातमीची पहिली ओळ वाचण्याआधीच ‘ताज्या बातम्यांसाठी परवानगी द्या’ अशी चौकट समोर येते आणि तिच्यावर ‘नंतर’ आणि ‘परवानगी द्या’ अशी दोनच बटणे असतात. ही चौकट ब्राउझरची नसते, संकेतस्थळाने स्वतः तयार केलेली असते, आणि तिच्यामागे एक हिशेब आहे. ब्राउझरच्या खऱ्या प्रश्नाला वाचकाने ‘ब्लॉक’ असे उत्तर दिले, तर त्या संकेतस्थळाला तो प्रश्न पुन्हा विचारता येत नाही. म्हणून आधी आपल्या चौकटीत चाचपणी करायची, ‘परवानगी द्या’ म्हणणाऱ्यालाच खरा प्रश्न दाखवायचा, आणि ‘नंतर’ म्हणणाऱ्यासमोर काही दिवसांनी तीच चौकट पुन्हा आणायची. युक्ती चतुर आहे, यात शंका नाही. परंतु विश्वासातल्या ठिकाणी रोज ही चौकट दिसली, की ‘हे दाबल्याशिवाय पुढे जाता येत नाही’ अशी वाचकाची समजूत होते, आणि तीच समजूत घेऊन तो त्या निकालाच्या बनावट पानावर पोहोचतो.

वाचकांना हे नको आहे, याची आकडेवारीही उपलब्ध आहे. फायरफॉक्स तयार करणाऱ्या मोझिलाने २०१९मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार फायरफॉक्समध्ये सुमारे महिनाभरात परवानगीचा हा प्रश्न जवळपास १४५ कोटी वेळा विचारला गेला आणि त्यांपैकी सुमारे २ कोटी ३७ लाख वेळाच होकार मिळाला. त्यानंतर जानेवारी २०२०मधील आवृत्तीपासून फायरफॉक्सने पान उघडताच आपोआप येणारा हा प्रश्न दडवून ठेवायला सुरुवात केली. गूगलने ऑक्टोबर २०२५मध्ये, सूचनांचा मारा करणाऱ्या पण वापरकर्ता ज्यांच्याकडे फिरकत नाही अशा संकेतस्थळांची परवानगी क्रोम आपोआप काढून घेईल असे जाहीर केले, आणि एकूण सूचनांपैकी एक टक्क्याहून कमी सूचनांनाच प्रतिसाद मिळतो हेही त्याच वेळी सांगितले.

आपल्या देशात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकांची दिशाभूल करणाऱ्या तेरा प्रकारच्या मांडणींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. ग्राहकाच्या सतत मागे लागण्याच्या प्रकाराचे उदाहरण देताना त्यांत, ‘नाही’ म्हणण्याचा पर्यायच न ठेवता सूचना सुरू करण्याची वारंवार केलेली विनंती, असा स्पष्ट उल्लेख आहे. संगणकात व्हायरस असल्याचे भासवून खोटे उपाय विकणे हाही त्याच तेरांपैकी एक प्रकार आहे. फुकट बातमी देणाऱ्या संकेतस्थळाला ही तत्त्वे लागू होतात की नाही, यावर विधिज्ञ दोन्ही बाजूंनी बोलू शकतील, कारण सतत मागे लागण्याच्या प्रकाराची जी व्याख्या त्यांत आहे, तिच्यात व्यवहार आणि व्यापारी लाभ यांचाही उल्लेख आहे. ग्राहकांच्या फसवणुकीवर अग्रलेख लिहिणाऱ्या वृत्तपत्राने मात्र या वादाच्या निकालाची वाट पाहू नये, असे मला नम्रपणे वाटते.

बातम्यांच्या सूचना देऊच नयेत, असे माझे म्हणणे नाही. अतिवृष्टीच्या दिवसांत धरणातून विसर्ग सुरू झाल्याची किंवा घाट बंद झाल्याची सूचना वेळेवर मिळाली, तर नदीकाठच्या आणि घाटाखालच्या वाचकांसाठी ती मोलाचीच ठरते. माझी विनंती एवढीच आहे, की पान उघडताच पुढे येणारी चौकट आपण काढून टाकावी, पानाच्या एका कोपऱ्यात घंटीचे चिन्ह ठेवावे आणि ज्या वाचकाने ते स्वतःहून दाबले त्यालाच परवानगी विचारावी. चौकट ठेवायचीच असेल, तर तिच्यावर ‘नको’ असे तिसरे बटण असावे आणि ते दाबणाऱ्याला पुन्हा विचारू नये. त्याच घंटीवरून सूचना बंदही करता याव्यात. याशिवाय परवानगी काढून घेण्याची वर सांगितलेली रीत, पडद्याच्या चित्रांसह, आपण एखाद्या रविवारी छापील अंकात पाव पान देऊन प्रसिद्ध केली, तर ते कात्रण माझ्या वर्गात आणि दुरुस्तीच्या काही दुकानांतही लावण्याची जबाबदारी मी आनंदाने घेईन.

आपला नियमित वाचक,
एक संगणक प्रशिक्षक, सातारा