अण्णा, आधी काट्यावर नेलंत म्हणून

इंदिरानगर, नाशिक

आदरणीय अण्णांना,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, वेल्डिंग चालूय" म्हणून ठेवून देता. पैशांचं पाकीट दोनदा परत केलंत. दुसऱ्यांदा तर वर बोल्टांचे उरलेले ऐंशी रुपये त्यात घालून. म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे. तुमची लेक हे वाचून दाखवेल तेव्हा मधेच उठून शेडमध्ये जाऊ नका, एवढी विनंती.

बाकीच्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. ह्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून परक्या गादीवर ह्यांना झोप येत नाही, आणि जिथे कमोड नाही तिथे तर विषयच संपला. तीन वर्षं आम्ही नाशिकबाहेर मुक्काम केला नव्हता. मी बँकेतून निवृत्त झाले, फंडाचे पैसे आले, आणि मी एक लहान प्रवासी ट्रेलर घेऊन टाकला. दोघांपुरतं अंथरूण, कोपऱ्यात ओटा, पडद्याआड कमोड. वापरलेला, पण नेटका. घरची गाडी म्हणजे बारा वर्षांची हॅचबॅक, त्यामुळे ओढायला दुसरी गाडी घेणं आलंच. गाडी घेणं म्हणजे शोरूममध्ये जायचं आणि रंग ठरवायचा, अशी तेव्हा माझी समजूत होती.

रंग ठरलाही होता. पेट्रोल, ऑटोमॅटिक, वर काचेचं छत. ट्रेलर ओढेल का विचारलं तर विकणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, हत्ती ओढेल." बुकिंगचे पैसे भरायला निघाले आणि हूक बसवून मिळेल का एवढंच विचारायला अंबडला तुमच्या वेल्डिंगच्या शेडपाशी थांबले. तुम्ही ग्राइंडर बंद केलात, चष्मा कपाळावर चढवलात. गाडी कुठली ते विचारलंच नाहीत.

"ट्रेलरचं वजन किती?"

"सहाशे किलो."

"कुणी केलं?"

कुणीच केलं नव्हतं. ज्याने विकला त्याने सांगितलं आणि मी ऐकलं. आयुष्यभर लोकांच्या कर्जाच्या अर्जांवर "पुरावा जोडा" असे शेरे मारले, आणि इथे पुरावा मागायचं सुचलं नाही.

"भरून काट्यावर आणा," तुम्ही म्हणालात. "राहायला निघणार तशा भरून."

मग मी सगळं भरलं. टाकीत ६० लिटर पाणी, म्हणजे तिथेच ६० किलो. इन्व्हर्टरची मोठी बॅटरी, जी दोन माणसांनी मिळून उचलली. घरगुती सिलिंडर, ज्यात गॅस १४.२ किलोचा असतो पण लोखंड जवळजवळ तितकंच. छोटा फ्रिज, ह्यांची खास गादी, खुर्च्या, कुकर, आणि तुम्ही हसलात तो पाटा-वरवंटा. तुमच्या पिकअपला जोडून ट्रेलर काट्यावर नेला. पावती आली ९१० किलो. ती अजून आमच्या फ्रिजवर चिकटवलेली आहे. "सहाशे हे रिकाम्या पत्र्याचं," तुम्ही म्हणालात, "तुम्ही काय रिकाम्या पत्र्यात राहणार?" पाटा-वरवंटा त्याच संध्याकाळी घरी परत आला.

पुढचा भाग मला सर्वांत जास्त आठवतो. न्हाणीघरात ठेवतात तो वजनाचा काटा तुम्ही घरातून मागवलात. त्यावर आडवी फळी, फळीवर सागाचा ओंडका, आणि ओंडक्यावर ट्रेलरच्या दांडीचं तोंड, जे गाडीच्या हूकवर बसतं ते, अलगद टेकवलंत. ९२ किलो. मग पाण्याचे वीस-वीस लिटरचे चार कॅन, जे पुढच्या कपाटात होते, ते मला उचलून मागच्या दाराशी न्यायला लावलेत. पुन्हा काटा पाहिला तर ३८. एक थेंब कमी-जास्त झाला नव्हता, ट्रेलरचं वजन तेच होतं, आणि दांडीवरचा भार मात्र निम्म्याहून खाली उतरला होता.

"काय झालं सांगा," तुम्ही म्हणालात. मला सांगता येईना. तुम्ही दोनच शब्द बोललात: "गाडी उलाळली."

अण्णा, माझं माहेर निफाड तालुक्यातलं. बैलगाडीत मागे जास्त पोती पडली की जू वर उचललं जातं आणि बैलांच्या मानेला फास बसायला लागतो, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं आहे. वडील हाक मारायचे, "उलाळ होतेय, एक पोतं पुढं घे!" पण फार पुढे घेतलं तर सगळं ओझं बैलांच्या खांद्यावर. इंग्रजी पुस्तिकांत ज्यावर पानंच्या पानं लिहिलेली आहेत ते मला एका शब्दात कळलं, कारण तो शब्द माझ्या घरातला होता. अमेरिकेत दांडीवरचा भार ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के धरतात, युरोपात त्याहून कमी चालवतात. आमचे ९२ म्हणजे १० टक्क्यांच्या किंचित वर. ३८ म्हणजे चार टक्के, आणि चार टक्क्यांना काय होतं ते तुम्ही रविवारी रिकाम्या रस्त्यावर पिकअप चालवून दाखवलंत. साठच्या आतच आरशात ट्रेलर डावी-उजवीकडे शेपूट मारायला लागला. तुम्ही ब्रेकला पाय लावला नाहीत, स्टिअरिंगशी झटापट केली नाहीत. पाय उचललात, हात सरळ धरलेत, आणि तो आपोआप शांत झाला. मी मात्र दाराची कडी धरून बसले होते.

एवढं झाल्यावर कुठे तुम्ही गाडीचा विषय काढलात.

पहिलं काम मला एकटीलाच सांगितलंत: शोरूममध्ये बसून पुस्तिका उघडायची आणि ट्रेलरचं पान शोधायचं. मी चहा घेत घेत शोधलं. जाडजूड पुस्तकात एक ओळ होती, या गाडीने ट्रेलर ओढू नये. हत्तीबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. ती ओळ असताना हूक लावला आणि गिअरबॉक्स गेला तर वॉरंटी मागायला तोंड राहत नाही, हे बँकवालीला वेगळं सांगायला नको.

वेगळ्या चासिसवरची, म्हणजे खाली स्वतंत्र लोखंडी चौकट असलेली गाडी घ्या, असं तुमचं म्हणणं. जर्मनीतला भाचा तेव्हा वाद घालत होता, की इकडे तर साध्या मोटारी कॅराव्हॅन ओढतात, चासिसचं एवढं काय! तुमचं उत्तर त्याला तसंच कळवलं. तिथे कंपनी स्वतः त्या गाडीला ओढायचं वजन नेमून देते, हूकचे बोल्ट कुठे यायचे ती जागा कारखान्यातच मजबूत केलेली असते, आणि कॅराव्हॅन जोडली की साधारण ८० ची मर्यादा. आपल्याकडे बाजारातला हूक डिकीच्या पातळ पत्र्याला आवळून देतात. एका सांगाड्यात घडवलेली गाडी वाईट नाही, पण जिथे कुणी भार मोजूनच दिलेला नाही तिथे आपण मोजायचा कशाच्या जोरावर? म्हणून वेगळ्या चासिसवर बांधलेली गाडी, हूक थेट चासिसच्या बीमला.

मग भाच्याने थार सुचवली. मला क्षणभर हुरूप आला, खोटं कशाला बोलू. २.२ लिटर डिझेल थारच्या इंजिनात उणं काही नाही, मिनिटाला १६०० फेऱ्यांपासूनच ३०० न्यूटन-मीटरची ओढ मिळते. पण तीन दारांच्या थारचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २४५० मिलिमीटर, पाच दारांच्या रॉक्सचा २८५०. गाडी आखूड असली की मागच्या ट्रेलरला तिला हिसका देणं सोपं जातं. "लहान बैलामागं मोठं गाडं," तुम्ही म्हणालात आणि पुढच्या कागदाकडे वळलात.

तो कागद मी जपून ठेवला आहे. सिगारेटच्या पाकिटामागे (ती सोडा आता) तुम्ही एक रेघ मारलीत, खाली दोन चाकं. व्हीलबेस २७५ सेंटिमीटर. हूक मागच्या ॲक्सलच्या (दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या) ११० सेंटिमीटर मागे. हूकवर ९२ किलो टेकले तर मागच्या ॲक्सलवर ९२ नाही, जवळजवळ १२९ वाढतात, आणि पुढच्या चाकांवरून ३७ कमी होतात. मागचं ॲक्सल म्हणजे तराजूचा मधला काटा. पुढचं हलकं झालं की स्टिअरिंग पोकळ लागतं आणि रात्री हेडलाइट रस्ता सोडून झाडांवर पडतात. म्हणून हूक चाकाच्या जितका जवळ तितका बरा, आणि ते ९२ किलो गाडीच्या स्वतःच्या भारक्षमतेत धरायचे: आम्ही दोघं, डिकीतलं सामान, हूकचं लोखंड आणि दांडीचा भार, सगळं एका बेरजेत. ही बेरीज तुम्ही माझ्याकडून तीनदा करवून घेतलीत. तिसऱ्यांदा मी वैतागले.

भांडण मात्र ब्रेकवरून झालं. ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नव्हता. तुम्ही म्हणालात, ट्रेलरचा ॲक्सल बदला, ब्रेकवाला बसवा. मी म्हटलं, गाडीला चांगले डिस्क ब्रेक आहेत. खर्च पन्नास हजारांच्या पुढे जात होता आणि मला वाटलं, आता हे काम वाढवताहेत. तसं बोललेही. तीन आठवडे मी फिरकले नाही. तुम्ही फोन केला नाहीत, रागावलाही नाहीत. फक्त लेकीकडून निरोप पाठवलात: "ताईंना म्हणावं, कसारा घाटात नऊशे किलो पाठीवर घेऊन उतरायचंय, मग ठरवा." त्या वाक्याचा मला राग आला होता. आज त्याबद्दल माफी मागते.

ॲक्सल बदलला. आता गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे रेटतो, आणि त्या रेट्यानेच दांडीतली सळई दाबली जाऊन त्याचे ब्रेक लागतात. नवी दांडी बसवताना तुम्ही व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) काढून हूकचा गोळा मोजलात: ५० मिलिमीटर. दांडीचं तोंड मात्र दोन इंची, म्हणजे ५०.८. मी म्हटलं, पाऊण मिलिमीटरने काय होतं? तुम्ही न बोलता तोंड गोळ्यावर बसवून हलवून दाखवलंत. खडखड वाजलं. तो गोळा भंगारात टाकलात आणि दोन इंची आणलात. खाली दोन साखळ्या फुलीसारख्या आडव्या लावल्यात, दांडी सुटलीच तर तिचं तोंड रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडावं म्हणून.

नोंदणीचं थोडक्यात सांगते, कारण तो भाग कंटाळवाणाच होता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात 'मोटार वाहन' या शब्दाच्या व्याख्येतच ट्रेलर आहे, त्यामुळे त्याला स्वतःची नोंदणी हवी. "कोण विचारतंय" म्हणणारे मला अर्धा डझन भेटले. विमा कंपनी विचारते, हे मी त्यांना सांगत बसले नाही.

गाडी शेवटी कुठली घेतली, ते मुद्दामच लिहीत नाही. लिहिलं तर उद्या कुणीतरी तीच घ्यायला जाईल, आणि त्याचा ट्रेलर चौदाशे किलोचा असेल. एवढंच सांगते: डिझेल, वेगळ्या चासिसवरची, मागच्या चाकांना ओढ असलेली, हाताने गिअर टाकायची. ऑटोमॅटिक मला अजून हवीशी वाटते. पण चढावर ट्रेलर उलटा लावताना मी क्लचचा वास काढला तेव्हा तुम्ही जे शिकवलंत (पहिल्या झटक्यात सोडा, अर्धवट दाबून लोंबकळू नका), ते आता पायाला कळलं आहे.

पहिली रात्र गंगापूर धरणाच्या अलीकडे ओळखीच्यांच्या द्राक्षबागेत काढली. हे सात तास झोपले. मी मोजले, कारण मी जागीच होते.

आणि डिसेंबरात कसारा उतरले. इगतपुरी सोडल्यावर, उतार सुरू व्हायच्या आधीच दुसरा गिअर टाकला, ब्रेकवर पाय न ठेवता. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवत होते, वाजवू दिले. पाठीवर ट्रेलरचा हलका रेटा जाणवत होता, लहान मूल पाठीला टेकून चालतं तसा. खाली पोचल्यावर गाडी बाजूला घेतली आणि तुम्ही सांगितल्याप्रमाणे ब्रेक तापलेत का ते पाहायला उलट्या हाताने ट्रेलरच्या दोन्ही चाकांचे हब, म्हणजे मधले भाग, चाचपले. दोन्ही कोमट, दोन्ही सारखे. ह्यांना वाकता येत नाही, म्हणून ह्यांनी वरूनच विचारलं, "काय म्हणतंय?" मी म्हटलं, "अण्णा बरोबर होते." हे म्हणाले, "ते हबला कसं कळलं?"

इंधन खूप लागतं, ही तक्रार तेवढी नोंदवून ठेवते. एकटी गाडी लिटरला चौदा देते, ट्रेलर जोडला की नऊ. वजनापेक्षा वारा खातो म्हणालात. पुढची बाजू भिंतीसारखी सपाट आहे ना!

तुमची फळी आणि सागाचा ओंडका अजून माझ्याकडेच आहे. प्रत्येक वेळी निघण्याआधी लागतो, त्यामुळे परत करायचा नव्हता, पण तुमच्या लेकीने आठवण केली. रविवारी सकाळी घेऊन येते. शेडचं फाटक उघडं ठेवा आणि कुणाला मागे उभं करू नका. ट्रेलर उलटा आत लावून दाखवणार आहे.

तुमची,
निफाडची ताई