ॲन आर्बरच्या मैदानावरून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

हाताने खेळायच्या खेळाला फुटबॉल म्हणणाऱ्या अमेरिकनांमध्ये मी इतका कसा रमलो, असे तू विचारले आहेस. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीच्या फुटबॉल संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच. पण पेठेचा संघ आपण निवडत नाही, तो घरातूनच आपल्याकडे येतो. इथे ॲन आर्बर शहरात मिशिगन विद्यापीठाच्या संघाचेही तसेच आहे.

1927 साली बांधलेले इथले स्टेडियम बरेचसे जमिनीत खोदलेले असल्यामुळे रस्त्यावरून ठेंगणे दिसते. दारातून आत पाऊल टाकले, की मैदान एकदम पायांखाली खोल उघडते आणि समोर लाखावर माणसे दिसतात. पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा मी पायरीवरच थबकलो होतो. माझ्या शेजारी बसणारे एक वृद्ध गृहस्थ थंडीच्या दिवसांत बाकावर घोंगडी अंथरतात, माझ्यासाठीही जागा करतात आणि जुन्या सामन्यांच्या हकिकती सांगतात.

संघाचा पहिला सामना 1879 सालचा. प्रशिक्षक फील्डिंग योस्ट यांच्या 1901 च्या संघाने 550 गुण केले आणि प्रतिस्पर्ध्यांना एकही करू दिला नाही. मला मात्र त्याहून 1950 सालचा, ओहायो स्टेट या कट्टर प्रतिस्पर्धी विद्यापीठाविरुद्धचा सामना प्रिय आहे. त्यांच्या कोलंबस शहरात त्या दिवशी असे हिमवादळ होते, की मैदानावरच्या रेषाही दिसत नव्हत्या. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकणे, म्हणजे ‘फर्स्ट डाउन’, हा या खेळाचा प्राण. मिशिगनला तो दिवसभरात एकदाही साधला नाही. चक ऑर्टमन याने चोवीस वेळा चेंडू लाथेने दूर धाडला, प्रतिस्पर्ध्यांच्या दोन किका मात्र मिशिगनने अडवल्या आणि त्यांतूनच 9–3 असा विजय मिळवला. चिखलातला सामना कसा जिंकतात, हे तुला मी सांगायला नको.

परंतु ज्या प्रसंगामुळे हा संघ मला जवळचा वाटतो, तो गौरवाचा नाही. 1934 साली जॉर्जिया टेक या दक्षिणेतल्या विद्यापीठाचा संघ इथे खेळायला यायचा होता आणि कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या संघाविरुद्ध आपण उतरणार नाही, अशी त्यांची अट होती. विद्यार्थ्यांनी निषेध केला, तरी विद्यापीठाने ती अट मानली आणि विलिस वॉर्ड या आपल्या उत्तम खेळाडूला बाहेर ठेवले. संघातला त्याचा मित्र जेराल्ड फोर्ड, जो पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला, खेळणे सोडण्याच्या विचारात होता. वॉर्डनेच त्याला खेळायला सांगितले. मिशिगनने तो सामना 9–2 असा जिंकला आणि त्या हंगामातला त्यांचा तेवढाच विजय ठरला. ज्याला वगळले त्यानेच मित्राला मैदानावर पाठवावे, हे मला आजही अस्वस्थ करते. वॉर्ड पुढे न्यायाधीश झाले. फोर्ड तो प्रसंग विसरले नाहीत. 1999 साली विद्यापीठांच्या प्रवेशांत सर्व वंशांना स्थान असावे, यासाठी वृत्तपत्रात लिहिताना त्यांनी वॉर्ड यांचीच आठवण सांगितली.

1969 साली मिशिगनचे नवे प्रशिक्षक बो शेंबेक्लर यांनी पहिल्याच वर्षी, ज्यांच्या हाताखाली ते घडले त्या वुडी हेज यांच्या बलाढ्य ओहायो स्टेटला 24–12 असे हरवले. 1997 मध्ये चार्ल्स वुडसन या खेळाडूच्या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपदात वाटा मिळवला. 8 जानेवारी 2024 रोजी वॉशिंग्टन विद्यापीठाला 34–13 असे नमवून अजिंक्यपद पुन्हा आले, तेव्हा कडाक्याच्या थंडीत गाव रस्त्यावर उतरले होते आणि मीही त्यांच्यात होतो.

नोव्हेंबरमध्ये सवड काढून ये. ओहायो स्टेट इथे येईल त्या वर्षीच ये, म्हणजे घोंगडीवर तुलाही जागा करता येईल. घरी सर्वांना नमस्कार सांग.

तुझाच,
जुना मित्र