गळालेला परिच्छेद

पुणे, १४ जुलै

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. आम्ही सारे ठीक, आईचे गुडघे तेवढे दुखतात.

दोन वर्षे पत्र का नाही, ते तुला ठाऊक आहे. ‘आधी स्वतःची तपासणी कर,’ असे तू म्हणालास आणि मी भरल्या ताटावरून उठलो. त्यानंतरही मीनलच्या सोनोग्राफ्या, इंजेक्शने आणि आईने सांगितलेले सोळा सोमवार चालूच राहिले. माझी वीर्यतपासणी झाली ती या मार्चमध्ये. शुक्राणू शून्य.

गुणसूत्रे ४६, संख्येत खोट नाही. मात्र वाय गुणसूत्राच्या लांब भुजेवरचा एझेडएफसी हा, शुक्राणू तयार होण्यासाठी लागणारा भाग गळालेला निघाला. तो गळतो तेव्हा सहसा डीएनएची सुमारे ३५ लाख अक्षरे जातात. तू मला ‘अर्धवट’ म्हणायचास, त्याला आता प्रयोगशाळेचा कागद मिळाला. अकरावीत माझ्यासाठी जर्नल उतरवताना एकाच वाक्याने सुरू होणाऱ्या दोन परिच्छेदांत तुझी नजर घसरायची आणि मधला मजकूर गळायचा, आठवते? (माझे दहा गुण त्यात गेले, हे मी विसरलेलो नाही.) या भागात तेच तेच मजकूर पुन्हा येत असल्यामुळे असेच घडते, माझ्या बाबतीत ते बहुधा बाबांच्या शुक्राणूतच घडले असावे.

त्याच भुजेवरचा एझेडएफए किंवा एझेडएफबी हा भाग पूर्ण गेला असता, तर आशाच नव्हती. एझेडएफसी गेलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या वृषणात सूक्ष्मदर्शकाखालच्या शस्त्रक्रियेने थोडे शुक्राणू सापडतात आणि एकेक शुक्राणू बीजांडात सोडून गर्भ तयार करता येतो. अडचण पुढेच आहे. मुलगी झाली तर तिला माझे एक्स मिळेल, काही बिघडणार नाही. मुलगा झाला तर त्याला हेच वाय मिळेल. आई देवापुढे वंशाचा दिवा मागते आहे, आणि तिला हे कोणत्या तोंडाने सांगावे, ते मला कळत नाही.

मीनल म्हणते, ‘त्याला निदान कारण तरी आधीपासून ठाऊक असेल, त्याच्या बायकोची चार वर्षे जाणार नाहीत.’ मला हे पटत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. जाणूनबुजून द्यावे का रे हे पोराला?

तुझ्या बदलीचे काय झाले? वहिनींना नमस्कार, चिमणीला आशीर्वाद. शस्त्रक्रियेची तारीख ९ ऑगस्ट आहे. त्याआधी ये, या वेळी ताटावरून उठणार नाही.

तुझाच,
अविनाश