वेंगरच्या बावीस वर्षांत रेघ कुठे मारायची?

कोल्हापूर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. तुझं म्हणणं थोडक्यात असं की, २००५चा एफए कप (इंग्लंडमधली बाद पद्धतीची फुटबॉल स्पर्धा) जिंकून मॅनेजर आर्सेन वेंगरने लंडनचा आर्सेनल क्लब सोडला असता तर आज त्याच्या नावावर वादच उरला नसता. पुढच्या तेरा वर्षांत त्याने आपल्याच कर्तृत्वावर पाणी फिरवलं. निम्मे तरी चाहते हेच मानतात. करंडक मिळाले ती वर्षं चांगली, नाही मिळाले ती वाईट. मला ही रेघच चुकीच्या जागी मारलेली दिसते. ती २०१३च्या उन्हाळ्यात मारायला हवी. २००५ ते २०१३ या रिकाम्या हाताच्या वर्षांत त्याने सगळ्यात अवघड काम केलं, आणि २०१४पासून तीन एफए कप घेत असतानाच त्याचं काम सैल पडत गेलं. हे उफराटं वाटेल, म्हणून नीट तपशिलात जातो.

आधी सुरुवातीच्या काळाबद्दलचा तुझा मुद्दा. ‘बचावफळी आधीचा मॅनेजर जॉर्ज ग्रॅहमने घडवलेली होती, वेंगरला ती आयती मिळाली.’ १९९८च्या लीग विजेतेपदापुरतं हे खरं आहे. सीमन, डिक्सन, अॅडम्स, बोल्ड, विंटरबर्न, कीओन हे सगळे तो यायच्या आधीपासून क्लबमध्ये होते. स्ट्रायकर बर्गकॅम्पही ग्रॅहमनंतरचा मॅनेजर ब्रूस रिऑकने आणलेला. पण ऑक्टोबर १९९६मध्ये वेंगर जपानच्या नागोया ग्रॅम्पसकडून आला तेव्हा यातले बहुतेक जण तिशी ओलांडलेले होते, आणि क्लबात दारूची रीत जुनी होती. त्याने जेवणात उकडलेल्या भाज्या आणि मासे आणले, सामन्याआधीची चॉकलेटं बंद केली, रोज स्नायू ताणण्याचे व्यायाम लावले, सरावाचा प्रत्येक भाग घड्याळ लावून घेतला. संपलेत असं वाटणारे बचावपटू त्यामुळे आणखी काही हंगाम खेळले. शिवाय त्यांना चेंडू खेळायची मोकळीक मिळाली. ३ मे १९९८चा एव्हर्टनविरुद्धचा चौथा गोल पुन्हा बघ. एका सेंटर-बॅकने (मधल्या बचावपटूने), बोल्डने, चेंडू बचावाच्या डोक्यावरून अलगद टाकला आणि दुसऱ्या सेंटर-बॅकने, अॅडम्सने, धावत जाऊन तो छातीवर घेत डाव्या पायाने जाळ्यात मारला. ग्रॅहमच्या काळात हे दोघे एकाच वेळी मधली रेघ ओलांडून इतके पुढे गेले असते असं मला वाटत नाही.

२००३-०४च्या, लीगमध्ये एकही सामना न हरलेल्या अपराजित संघात तर त्या जुन्या फळीतला एकही नियमित खेळाडू उरला नव्हता. लॉरेन मिडफिल्डर म्हणून आला होता, त्याला राइट-बॅक (उजव्या कडेचा बचावपटू) केलं. कोलो टूरे सुमारे दीड लाख पौंडांत आयव्हरी कोस्टहून आला. कुठेही खेळणारा पोरगा, त्याला मध्ये बसवलं. सोल कॅम्पबेल टॉटनहॅमकडून एक पैसा न देता मिळाला, अॅश्ली कोल अकादमीतला. गोलमध्ये लेहमन. या पाच जणांनी ३८ सामन्यांत २६ गोल खाल्ले. २६ विजय, १२ बरोबऱ्या, ९० गुण.

तो संघ चालायचा कसा, हे आकड्यांत दिसत नाही. सगळं वजन डाव्या बाजूला असायचं. हेन्री स्ट्रायकर असून डाव्या कडेला सरकायचा, पिरेस कडेवरून आत यायचा आणि मोकळ्या झालेल्या कडेने कोल वर जायचा. समोरच्या राइट-बॅकला तिघांपैकी एकच जण धरता यायचा. उजवीकडे याच्या उलट व्यवस्था. लॉरेन मागे थांबायचा, युंगबर्ग चेंडूशिवाय पेनल्टी क्षेत्रात घुसायचा. कोलची जागा रिकामी पडली की झाकायला गिल्बर्टो, आणि व्हिएरा दोन्हीकडे. एक फुल-बॅक, म्हणजे कडेचा बचावपटू, वर गेला की दुसरा खाली, हा नियम लक्षात ठेव. पुढे मोडला तो हाच.

९ एप्रिल २००४, आर्सेनलचं जुनं मैदान हायबरी, समोर लिव्हरपूल. त्याच आठवड्यात एफए कपची उपांत्य फेरी मँचेस्टर युनायटेडकडून आणि चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या अव्वल क्लबांची स्पर्धा) चेल्सीकडून हातची गेली होती. मध्यंतराला लिव्हरपूल २-१ पुढे. तिथे संघ कोसळला असता तर आज ‘अपराजित’ हा शब्दच कुणी काढला नसता. आधी पिरेसने बरोबरी केली, मग लगेच हेन्री मधल्या भागातून चेंडू घेऊन निघाला, हामानला चकवलं, कॅरॅगरला चकवलं आणि गोल केला. निकाल ४-२. दोन मोठ्या पराभवांनंतर लगेच असं उभं राहणं मला त्या ४९ सामन्यांच्या मालिकेतही सगळ्यात मोठं वाटतं.

आता तुझ्या नावडत्या वर्षांकडे येतो. हायबरीत ३८ हजार माणसं मावायची आणि चारी बाजूंनी घरं, म्हणून वाढवायला जागा नव्हती. नवं स्टेडियम २००६मध्ये उघडलं. ६० हजार आसनं, एकूण खर्च सुमारे ३९ कोटी पौंड, त्यात २६ कोटींचं कर्ज. हप्त्यांची खात्री म्हणून क्लबने जाहिरातींचे करार आधीच दीर्घ मुदतीने करून टाकले. २००४मध्ये एमिरेट्स विमान कंपनीशी सुमारे १० कोटी पौंडांचा करार झाला. त्यात स्टेडियमचं नाव १५ वर्षं आणि जर्सी ८ वर्षं. तेव्हा रक्कम मोठी वाटली. पाच-सहा वर्षांत बाजारभाव कुठल्या कुठे गेला आणि आर्सेनल जुन्या दरात अडकलं. हायबरीच्या जागेवरचे फ्लॅट विकून पैसा उभा करायचा होता, तर २००८मध्ये घरांचा बाजारच पडला. घर घेतलं की हप्ते फिटेपर्यंत बाकीच्या खर्चाला जसा हात आखडता घ्यावा लागतो तशीच ही अवस्था होती. त्यात २००३मध्ये चेल्सीत रशियन अब्जाधीश अब्रामोविच मालक म्हणून आला होता आणि २००८मध्ये मँचेस्टर सिटीत अबू धाबीचा पैसा आला. ज्यांच्याशी स्पर्धा करायची त्यांना कर्ज नाही आणि खर्चाला मर्यादाही नाही.

कर्ज घेताना धरलेला हिशेब एकाच गोष्टीवर टिकून होता: दरवर्षी चॅम्पियन्स लीग. म्हणजे पहिल्या चारांत यायचं, आणि उन्हाळ्यात खेळाडू विकून नफा दाखवायचा. दोन्ही एकत्र. २००७ला हेन्री, २००८ला फ्लामिनी आणि लेब, २००९ला अडेबायोर आणि टूरे, २०११ला फॅब्रेगास, नास्री आणि क्लिशी, २०१२ला व्हॅन पर्सी आणि साँग. बहुतेक वर्षी संघाचा कणा काढून घ्यायचा आणि त्याच मॅनेजरला सांगायचं, चौथं स्थान सोडू नकोस. २०१३मध्ये ओझिल येईपर्यंत आर्सेनलने कुणाही एका खेळाडूसाठी २ कोटी पौंडही मोजले नव्हते. चेल्सीने जानेवारी २०११मध्ये एकट्या टोरेससाठी ५ कोटी दिले.

तरीही वेंगरने एकदाही चौथ्याच्या खाली जाऊ दिलं नाही. २०११-१२ घे. २८ ऑगस्टला ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेडकडून ८-२ने हार. फॅब्रेगास-नास्री नुकतेच गेलेले, बचावात जखमी आणि निलंबित खेळाडूंची रांग. खेळाडू-खरेदीची मुदत संपायला तीन दिवस असताना मेर्टेसाकर, आर्टेटा, सँटोस, बेनायून आणि पार्क घेतले. तीन सामन्यांनंतर सतरावा असलेला संघ हंगामाअखेर टॉटनहॅमपेक्षा एक गुण जास्त घेऊन तिसरा आला. व्हॅन पर्सीने लीगमध्ये ३० गोल केले. पुढच्या ऑगस्टमध्ये त्यालाच २.४ कोटींना युनायटेडला विकलं आणि युनायटेड विजेते झाले. त्या २०१२-१३ हंगामातही आर्सेनल टॉटनहॅमच्या एका गुणाने पुढे, चौथं. ते दोन गुण फसले असते तर स्टेडियमचं सगळं गणितच डळमळलं असतं. ‘चौथं स्थान हाही एक करंडकच’ या अर्थाचं तो बोलला तेव्हा लोकांनी टर उडवली, पण त्या वर्षांत क्लबच्या हिशेबात ते शब्दशः खरं होतं.

या काळात त्याची चूक नव्हतीच असं मी म्हणत नाही. २००८मध्ये फ्लामिनी फुकट गेला आणि त्याच उन्हाळ्यात गिल्बर्टोही गेला, पण बचावासमोर बसणारा तशा ताकदीचा माणूस आणला नाही. तिशी ओलांडलेल्याला एकाच वर्षाचा करार, या नियमापायी पिरेससारखा खेळाडू गमावला. २००७-०८चं विजेतेपद तर हातात होतं. २३ फेब्रुवारीला बर्मिंगहॅममध्ये एडुआर्डोचा पाय मोडला, शेवटच्या क्षणी बर्मिंगहॅमला पेनल्टी मिळाली, २-२, आणि तिथून संघ सावरलाच नाही. ८३ गुण, युनायटेडपेक्षा चार कमी. एक अनुभवी, शांत डोक्याचा खेळाडू जानेवारीत घेतला असता तर? हा प्रश्न रास्त आहे.

पण २०१३नंतर पैशाचं कारण उरलं नाही. नोव्हेंबर २०१२मध्ये एमिरेट्सशी १५ कोटींचा नवा करार झाला, २०१४पासून पुमाचे पाच वर्षांत आणखी १५ कोटी. ओझिल ४.२५ कोटींना आला, पुढच्या वर्षी सांचेझ. आणि मैदानात काय झालं? २०१३-१४मध्ये बराच काळ अव्वल असलेल्या संघाने सिटीकडून ६, लिव्हरपूलकडून ५, चेल्सीकडून ६ गोल खाल्ले, तिन्ही प्रतिस्पर्ध्यांच्या मैदानांवर. अॅनफिल्डवर २० मिनिटांत ४-० झालं होतं. पहिले दोन जेरार्डच्या फ्री-किक आणि कॉर्नरवरून स्कर्टेलने, पुढचे दोन मधल्या भागात चेंडू गमावल्यावर थेट धावत. वर सांगितलेला नियम आठव. आता दोन्ही फुल-बॅक एकदम वर, त्यांच्या मागे तिशी उलटलेला आर्टेटा एकटा, आणि पायात वेग नसलेला मेर्टेसाकर गोलपासून बरीच पुढे लावलेल्या बचावरेषेत. चेंडू गेला की मागे अर्धं मैदान मोकळं. सहा आठवड्यांनी चेल्सीने १७ मिनिटांत तीन गोल मारले. तो वेंगरचा हजारावा सामना. एकदा झालं तर अपघात म्हणावा. एकाच हंगामात तीनदा त्याच पद्धतीने होतं तेव्हा तयारीतच खोट असते.

फेब्रुवारी २०१५चा चॅम्पियन्स लीगमधला मोनॅकोचा सामना तर मला अजून सलतो. घरच्या मैदानावर ०-२ असताना ९१व्या मिनिटाला ऑक्सलेड-चेंबरलेनने एक गोल फेडला. १-२ चालण्यासारखं होतं, दुसरा सामना बाकी होता. तिथे बचावात मागे थांबायचं, शिट्टीची वाट बघायची. संघ बरोबरीसाठी सगळाच वर गेला आणि ९४व्या मिनिटाला कारास्कोने तिसरा मारला. परतीचा सामना आर्सेनल २-० जिंकलं. एकूण ३-३, आणि प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर जास्त गोल केल्यामुळे मोनॅको पुढे. तो तिसरा गोल नसता तर आर्सेनल ३-२ने उपांत्यपूर्व फेरीत असतं. सलग सात वर्षं शेवटच्या सोळांत बाहेर पडण्याच्या मालिकेत बायर्न-बार्सिलोनापुढचे पराभव समजून घेता येतात. हा येत नाही.

२०१५च्या उन्हाळ्यात गोलरक्षक चेक सोडून पहिल्या संघासाठी मैदानी खेळाडू एकही घेतला नाही. त्याच हंगामात चेल्सी, सिटी, युनायटेड सगळे घसरले आणि लेस्टर ८१ गुणांवर जिंकलं. आर्सेनल ७१वर दुसरं. वेंगरच्या नावावर खरा डाग असेल तर तो हा. ८-२ मी त्याच्या खात्यावर घालणार नाही. मग करारांची हेळसांड: सांचेझ आणि ओझिल दोघांचे करार एकाच जूनमध्ये संपत होते. एकाला मखितार्यानच्या बदल्यात सोडावं लागलं, दुसऱ्याला अवाच्या सवा पगार द्यावा लागला. स्वतः वेंगरचाही करार २०१६-१७ हंगामभर लटकत ठेवला गेला. इथे दोष त्याच्या एकट्याचा नाही. २००७मध्ये क्लबचा उपाध्यक्ष डेव्हिड डीन गेल्यावर त्याला तोंडावर ‘नाही’ म्हणणारा माणूस क्लबात उरला नव्हता, आणि मालक क्रोंकी यांना ताळेबंद ठीक दिसत होता.

आता तुझा हुकमी पत्ता, २०१७चा एफए कप. कोसिएल्नी निलंबित, गॅब्रिएल जखमी, म्हणून हंगामात एकदाही सुरुवातीपासून न खेळलेला मेर्टेसाकर मध्ये, तीन जणांच्या बचावात, आणि समोर विजेते चेल्सी. २-१. सुरेख सामना, मेर्टेसाकरचा खेळ तर पाहत राहावा असा. पण तीन जणांचा बचाव वेंगरने त्या एप्रिलमध्ये मिडल्सब्रोविरुद्ध लावला, बायर्नने दोन सामन्यांत मिळून १०-२ केल्यानंतर आणि पहिले चार हातातून निसटू लागल्यानंतर. बदल त्याला जमत होता, हे त्या दिवशी सिद्ध झालं. म्हणूनच तो तीन वर्षं आधी का केला नाही, हे मला जास्त खुपतं.

वेंगरचा पुतळा २०२३मध्ये बसला, तो योग्यच झाला. त्यावर आपलं दुमत नाही.

पुढच्या पत्रात मला २००८-०९ आणि २०१५-१६ या दोन हंगामांची तुलना करून पाठव. एकात चौथं, दुसऱ्यात दुसरं. प्रत्येक वेळी हाताशी कोण होतं, कोण विकलं गेलं, किती पैसा होता आणि विजेत्याने किती गुण घेतले, एवढंच समोर मांड आणि मग सांग, यातला कुठला हंगाम वेंगरने जास्त चांगला सांभाळला. तुझं उत्तर २०१५-१६ असं आलं तर मी माझी रेघ पुसायला तयार आहे.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
अभय