सिकलसेलची स्लाइड आधी दाखवा

मा. संपादक,

मी नाशिकमध्ये एमबीबीएसच्या सेकंड इयरला पॅथॉलॉजी शिकवते. सुरुवातीलाच सेल इंज्युरीचा चॅप्टर असतो आणि नेक्रोसिस आणि अपॉप्टोसिस ह्या पेशी मरण्याच्या दोन प्रकारांमधल्या फरकाचा तक्ता बघता बघता सगळ्यांचा तोंडपाठ, एकात पेशी फुगते, मेम्ब्रेन फाटतं, आजूबाजूला सूज येते, दुसऱ्यात पेशी आक्रसते आणि गाजावाजा न होता आवरली जाते. पण वायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, विचारा की हे कुठल्या पेशंटमध्ये बघशील, की सगळे छताकडे बघतात. सिलॅबसचा दोष नाहीये, त्यात सगळं आहे, पण पोरं मोबाइलवर एमसीक्यू सोडवतात आणि मायक्रोस्कोप जर्नलवर सही घेण्यापुरता.

माझं म्हणणं, नाशिकला तरी सुरुवात सिकलसेल ह्या रक्ताच्या आनुवंशिक आजारापासून करा. सुरगाणा, पेठ, कळवण ह्या आपल्याच आदिवासी पट्ट्यात हा आजार आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडऐवजी व्हॅलिन येतं, बदल एवढाच, पण ऑक्सिजन कमी झाला की ते हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दांडे तयार होतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते, मग ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, पुढच्या भागाला रक्त मिळत नाही, तो मरतो, म्हणजे इस्केमिया (रक्तपुरवठा तुटणं), इन्फार्क्ट (त्यामुळे मेलेला भाग), नेक्रोसिस सगळं एकाच पेशंटमध्ये. पेशंटची हाडं असह्य दुखतात ती ह्यामुळेच. १२० दिवस टिकणारी पेशी १०-२० दिवसांत संपते म्हणून अ‍ॅनिमिया. प्लीहा पुन्हापुन्हा मार खाऊन शेवटी आक्रसून जाते आणि मग स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थेंबात, हॉवेल-जॉली बॉडीज (लाल पेशीतले केंद्रकाचे उरलेले ठिपके, एरवी प्लीहा ते काढून टाकते) दिसायला लागतात, हे एकदा स्वतः स्लाइडवर बघितलेलं पोरगं परत विसरत नाही. जर्मन पॅथॉलॉजिस्ट विर्चोने १८५८ मध्ये आजार पेशीत शोधा म्हणून सांगितलं, अमेरिकन केमिस्ट पॉलिंगच्या टीमने १९४९ मध्ये ह्याच आजारात तो थेट हिमोग्लोबिनच्या रेणूत दाखवला, इतिहाससुद्धा इथेच शिकवून होतो (तो परीक्षेला येत नाही म्हणून कोणी ऐकत नाही ते वेगळं).

आणि वाहकाचं काय, म्हणजे ज्याच्यात सिकलसेलचं एकच जनुक आहे आणि स्वतःला सहसा त्रास नाही? वाहकाचा स्मिअर बहुतेक वेळा नॉर्मलच दिसतो. सोल्युबिलिटी टेस्ट (रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच सांगणारी सोपी तपासणी) पॉझिटिव्ह आली तरी वाहक की रुग्ण ते त्यावरून कळत नाही, त्याला हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी लागते. हे डॉक्टरच्याच डोक्यात पक्कं नसेल तर चांगल्या धडधाकट पोरीला घरचे आजारी ठरवून मोकळे होतात, आणि खरा रुग्ण मात्र अशक्तपणा समजून लोहाच्या गोळ्या खात बसतो.

२०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलन मिशन चालू आहे, तपासण्या होतायत. त्या शिबिरांना सेकंड इयरची पोरं न्या, सोल्युबिलिटी टेस्ट त्यांना हाताने करू द्या. आई-वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार व्हायची शक्यता २५ टक्के असते, 'एक झालं म्हणजे पुढची तीन सुटली' असं नसतं, हे समोरच्या बाईला साध्या मराठीत सांगायला लावा आणि त्याचेच वायव्हाला मार्क द्या.

– पॅथॉलॉजीची एक शिक्षिका, नाशिक